बस पुढे, सायकल मागे!

सकाळचे पावणेसात वाजले आहेत. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या बहुतेक दुकानांची शटर अजून खाली आहेत, पण रहदारी मात्र जागी झाली आहे. शाळेचा गणवेश घातलेला एक मुलगा रस्त्याच्या कडेने सायकल हाकत चालला आहे. पाठीवर दप्तर, हँडलला डब्याची पिशवी. मागून बस येते, जोरात हॉर्न देते, त्याला ओलांडून पुढे जाते आणि जेमतेम शंभर पावलांवर थांब्यापाशी थांबते. थांब्यासमोर दोन रिक्षा आणि एक टेम्पो उभा आहे. त्यामुळे बसला कडेला येताच येत नाही. ती रस्त्यातच उभी राहते. बस आणि फूटपाथ यांच्यामध्ये एक सायकल आरामात जाईल एवढी फट उरते.

मुलगा क्षणभर पेडल मारायचे थांबवतो. शाळेची घंटा सात वाजता होते. आज उशीर झाला तर वर्गाबाहेर उभे राहावे लागणार. बसच्या मागे थांबावे, तर धुराचा भपकारा तोंडावर येतो. आणि ती फट तर मोकळी दिसते आहे.

असा क्षण शहरांतल्या रस्त्यांवर रोज हजारो वेळा येतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मुलगा फटीतून निघून जातो, बसमधून उतरणारी एखादी बाई दचकून दोन शब्द सुनावते आणि गोष्ट तिथेच संपते. नेमके म्हणूनच या फटीचे भय वाटेनासे होते. शंभर वेळा निभावले, की एकशे एकाव्या वेळी कोणी विचार करत नाही.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पीएमटीची स्थापना १९५० साली झाली. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे बस आणि सायकल हीच सामान्य पुणेकराची दोन वाहने होती. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र झाल्या. दरम्यान सायकलींची जागा स्कूटर आणि मोटारसायकलींनी घेतली. पण सायकल रस्त्यावरून गेलेली नाही. शाळकरी मुले, पेपर टाकणारी पोरे, वॉचमन, गवंडी, दूधवाले आणि मुंबईत डबेवाले आजही सायकलवरच आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल असल्याची नोंद आहे. म्हणजे हा प्रश्न एका पुण्याचा नाही. तो नागपूरचा आहे, इंदूरचा आहे, लखनौचा आहे.

पुन्हा पुन्हा गाठ का पडते?

मोटार एकदा सायकलला ओलांडून गेली, की परत भेटत नाही. बसचे तसे नाही. गर्दीच्या रस्त्यावर थांबे धरून बसचा सरासरी वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही, आणि साध्या सायकलचा वेगही तेवढाच असतो. त्यामुळे दोघांचा रस्ताभर शिवाशिवीचा खेळ चालतो. बस ओलांडते, थांबते. सायकल ओलांडते, बस पुन्हा सुटते आणि मागून येते. पाच किलोमीटरच्या अंतरात एकाच बसची आणि एकाच सायकलची सात-आठ वेळा गाठ पडू शकते. प्रत्येक गाठीत दोघेही एकमेकांच्या अगदी जवळून जातात. त्यांतला एक दहा टनांपेक्षा जड असतो आणि दुसऱ्याच्या अंगावर शर्टापलीकडे काही नसते.

हा खेळ मोडणे बसच्या हातात नाही. तिला थांब्यावर थांबावेच लागते. तो मोडता येतो सायकलस्वाराला, आणि तोही अगदी सोप्या उपायाने. बस थांबली, की तिच्या मागे थांबायचे. ती सुटली, की तिला पुढे जाऊ द्यायचे. प्रवासी चढायला-उतरायला सरासरी वीस सेकंद लागतात असे धरले, तर दहा थांब्यांचे मिळून झाले दोनशे सेकंद. म्हणजे साडेतीन मिनिटेसुद्धा नाहीत. घरातून पाच मिनिटे आधी निघणाऱ्याला हा सौदा स्वस्तच म्हणायचा.

ड्रायव्हरला काय दिसते?

'एवढी मोठी काच समोर असताना ड्रायव्हरला मी दिसलो नाही कसा?' असे सायकलस्वारांना नेहमी वाटते. आपल्याकडे ड्रायव्हर बसच्या उजव्या कोपऱ्यात बसतो. त्याच्या उजव्या हाताला खिडकी असते आणि खिडकीलगत आरसा. ती बाजू त्याला चांगली दिसते. डावी बाजू मात्र त्याच्यापासून अडीच मीटर लांब असते. मध्ये बॉनेट, उभे राहिलेले प्रवासी, दाराचे खांब. तिकडचे त्याला जे काही दिसते ते बहुतेक डावीकडच्या आरशातून. त्या आरशात दिसणारा रस्ता एका पट्ट्याएवढाच असतो. बसच्या अगदी अंगालगत, पुढच्या दाराजवळ खाली असलेली सायकल त्या पट्ट्याबाहेर राहते. सातवी-आठवीतला मुलगा सायकलवर बसला, तरी त्याचे डोके बसच्या खिडकीच्या कडेपर्यंतही पोहोचत नाही. मान वळवूनसुद्धा तो ड्रायव्हरला दिसायचा नाही.

लंडनच्या पोलिसांनी यावर एक साधा उपक्रम केला होता. उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये सायकलस्वारांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचे आणि त्यांचीच सायकल ट्रकच्या बाजूला उभी करून विचारायचे, 'दिसते का?' वर बसल्यावर ती अनेकांना दिसत नसे. आपल्याकडच्या शाळांनी जवळच्या आगाराशी बोलून असा एक तास घ्यायला काय हरकत आहे? नागरिकशास्त्राच्या दहा धड्यांपेक्षा तो मुलांच्या जास्त लक्षात राहील.

तोवर एक खूण मुलांना सांगून ठेवावी. बसच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. बसच्या मागे थांबताना चार-पाच मीटर अंतर ठेवून, थोडे उजवीकडे, उजवा आरसा दिसेल असे थांबावे. तेवढ्या अंतराने धूरही कमी लागतो आणि उड्डाणपुलाच्या चढावर बस सुटताना किंचित मागे आली, तरी सायकल सापडत नाही.

मागचे चाक आत येते

डाव्या बाजूचा खरा धोका बस वळते तेव्हा असतो. तो समजून घ्यायला घरच्या अंगणात एक प्रयोग करता येतो. सायकलची दोन्ही चाके पाण्यातून न्यावीत आणि कोरड्या फरशीवर डावीकडे सावकाश वळावे. फरशीवर दोन ओल्या रेघा उमटतील. नीट पाहिले, तर मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या रेघेच्या आतून, म्हणजे वळणाच्या बाजूने गेलेली दिसेल. सायकलच्या दोन चाकांत जेमतेम एक मीटर अंतर असते, म्हणून हा फरक काही बोटांचाच असतो. बारा मीटर लांबीच्या शहरी बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे सहा मीटर अंतर असते. अशी बस चौकात घट्ट वळली, की तिचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा जवळजवळ दोन मीटर आतून जाते.

म्हणजे वळणाऱ्या बसच्या डावीकडे असलेल्या सायकलस्वाराला पुढचे चाक लांबून गेलेले दिसते आणि तो निर्धास्त होतो. पण बसचा मधला भाग हळूहळू त्याच्या अंगावर येऊ लागतो. कडेला फूटपाथचा दगड असतो. निसटायला जागाच उरत नाही.

त्यातून आणखी एक फसगत होते. अरुंद चौकात डावीकडे वळायचे, तर ड्रायव्हर बस आधी थोडी उजवीकडे घेतो. त्याशिवाय एवढे मोठे वाहन वळतच नाही. मागच्या सायकलस्वाराला मात्र वाटते, की बस उजवीकडे चालली आहे किंवा आपल्याला वाट देते आहे. तो मोकळ्या झालेल्या जागेत शिरतो, आणि बस नेमकी तिकडेच वळते. चौकाजवळ बस उजवीकडे झुकलेली दिसली, की ती डावीकडे वळणार असेच समजून चालावे. इंडिकेटर लागलेला असो वा नसो.

सिग्नलला उभ्या असलेल्या बसच्या डावीकडून पुढे सरकण्याची सवय म्हणूनच सर्वांत वाईट. दिवा कधी हिरवा होईल ते आपल्या हातात नसते. अर्ध्या वाटेत तो झाला, तर सायकलस्वार नेमका बसच्या मधोमध, मागच्या चाकाच्या तोंडाशी असतो. आपण आधी उभे आहोत आणि बस मागून आली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बसच्या काचेखाली चिकटून न राहता, जागा असेल तर थोडे पुढे सरकावे आणि एकदा मान वळवून ड्रायव्हरकडे पाहावे. नजरानजर झाली, की अर्धे काम झाले.

थांब्यापाशी

आता त्या फटीकडे परत येऊ. बस आणि फूटपाथ यांच्यामधली ती जागा मोकळी असते ती फक्त दोन-चार सेकंद. बस थांबली, की दारातून माणसे उतरतात. हातात पिशव्या, कडेवर मूल, नजर पायरीवर. कोणीही उतरताना डावीकडे-उजवीकडे बघत नाही आणि त्यांनी का बघावे? समोर फूटपाथ आहे अशीच त्यांची समजूत असते. त्याच वेळी थांब्यावरचे लोक फूटपाथ सोडून दाराकडे धावतात. या झुंबडीत सायकल शिरली, तर पडणारा सायकलस्वारच असेल असे नाही. एखाद्या आजीबाईंचे खुब्याचे हाड मोडू शकते. आणि सायकलस्वार पडला, तर तो फूटपाथकडे पडेल की बसखाली, हे त्याच्या हातात नसते.

बस थांबणार हे आधी ओळखणे अवघड नाही. पुढे शंभर मीटरवर थांबा असेल आणि बसने आपल्याला नुकतेच ओलांडले असेल, तर ती थांबणारच. थांब्यावरची माणसे पुढे सरसावतात. बसच्या दारात उतारू गोळा होतात. दोरीची घंटा असलेल्या बसमध्ये कंडक्टरची एक घंटा ऐकू येते. ही चिन्हे दिसली, की पेडल मारणे थांबवावे, दोन्ही ब्रेक हलके दाबावेत आणि मागे राहावे. बस आपल्याला कट मारून आडवी आली, असे सायकलस्वार चिडून म्हणतात. अनेकदा ते खरेही असते. ओलांडून लगेच डावीकडे दाबणारे ड्रायव्हर आहेत, आणि त्यांना वेळापत्रकाची घाई असते ही काही सबब नव्हे. पण त्या क्षणी बरोबर कोण याचा निवाडा करण्यापेक्षा ब्रेक लावणे अधिक उपयोगाचे.

कधी कधी ओलांडावेच लागते. बस बंद पडलेली असते किंवा शेवटच्या थांब्यावर निवांत उभी असते. अशा वेळी जायचे ते उजव्या बाजूने. आधी मान वळवून मागे पाहायचे, उजवा हात बाहेर काढून दाखवायचा, मागचा माणूस वेग कमी करतो आहे याची खात्री करायची आणि मगच बाहेर पडायचे. बसपासून एक हात पसरून उरेल एवढे अंतर ठेवावे. बसच्या पुढच्या टोकाशी आल्यावर वेग कमीच हवा, कारण उतरलेला प्रवासी बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडतो. तो दिसतो तेव्हा दोन पावलांवर आलेला असतो. आणि ओलांडता ओलांडता बस सुटली, तर तिच्याशी शर्यत लावू नये. निमूट मागे यावे. 'डबल बेल' झाली, की बस सुटणार हे शहरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. हे ज्ञान सायकलवरही वापरावे.

विजेवर चालणाऱ्या बस आल्यापासून मात्र एक नवी अडचण झाली आहे. पुण्यात अशा बस २०१९ पासून धावत आहेत. त्यांना धूर नाही, आवाजही फारसा नाही. जुन्या बसची घरघर पाठीमागून ऐकू येई आणि सायकलस्वार आपोआप सावध होई. आता कानावर विसंबून चालत नाही, मान वळवून पाहावेच लागते. कानात इअरफोन घालून सायकल चालवणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे!

कडेला किती चिकटावे?

'कडेकडेने जा' असे आपण मुलांना सांगतो. ते बरोबर आहे, पण अगदी फूटपाथच्या दगडाला घासून जाणे बरोबर नाही. तिथे गटाराच्या जाळ्या असतात, चेंबरची खचलेली झाकणे असतात, वाळू असते. चाक त्यात गेले, की सायकल उजवीकडे झोल खाते, म्हणजे नेमकी बसच्या वाटेत. कडेपासून दोन-अडीच फूट सोडून, सरळ रेषेत चालवावी. मागून मोठे वाहन आले म्हणून एकदम डावीकडे झेप घेऊ नये. मोठे वाहन वेगाने जवळून गेले, की वारा आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढल्यासारखे होते. दोन्ही हात हँडलवर घट्ट असतील, तर तो झटका सोसता येतो. डब्याची पिशवी हँडलला लटकवू नये हे त्यासाठीच. ती कॅरियरला बांधावी. ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा. रस्ता फारच अरुंद असेल, तर खाली उतरून बस जाऊ देण्यात कमीपणा नाही. बसचा मागचा गज धरून फुकटात ओढत जाणाऱ्या वीरांना काही सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या आईवडिलांना मात्र हे माहीत असलेले बरे.

पावसाळ्यात सगळाच हिशेब बदलतो. साध्या सायकलचा ब्रेक म्हणजे लोखंडी रिमवर घासणारा रबराचा तुकडा. रिम ओली झाली, की पहिल्या काही फेऱ्यांत तो नुसता घसरतो. थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी लागते. त्यातून थांब्यांच्या जागी बसचे तेल सांडलेले असते आणि रोजच्या ब्रेकने डांबराला उंचवटे आलेले असतात. पहिल्या पावसात थांब्यासमोर सायकल हमखास घसरते ती यामुळे. ताशी तीस किलोमीटर वेगाने येणारी बस एका सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त पुढे येते. ड्रायव्हरने तुमचे पडणे पाहून ब्रेक दाबेपर्यंत एवढे अंतर गेलेले असते. ती पूर्ण थांबायला आणखी तेवढेच तरी लागते, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

हेल्मेट घालावे का, असे पालक विचारतात. जरूर घालावे. पडल्यावर डोके वाचते. पण बसच्या चाकापुढे हेल्मेटचा इलाज चालत नाही, म्हणून हेल्मेट घातले की काळजी मिटली असे मानू नये.

रस्त्याचाही दोष आहे

सगळी शिकवण सायकलस्वारालाच द्यायची हा अन्याय आहे. थांब्यासमोर रिक्षा आणि मोटारी उभ्या राहिल्या नसत्या, तर बस कडेला लागली असती आणि ती फट उरलीच नसती. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, तेव्हा बस रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात गेल्या आणि कडेला सायकलींसाठी वेगळा मार्ग ठेवला गेला. कल्पना योग्यच होती. बस मध्ये आणि सायकल कडेला म्हटल्यावर दोघांची गाठच पडू नये. पण सायकल मार्गावर कुठे दुचाक्या उभ्या राहिल्या, कुठे हातगाड्या, कुठे विजेचे खांब. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद असा बीआरटी मार्ग झाला. त्यातही सायकलींना स्वतंत्र जागा होती. मोटारवाल्यांची ओरड थांबली नाही आणि २०१६ मध्ये तो उखडला गेला. कोलकात्यात तर २०१३ साली पोलिसांनी अनेक मोठ्या रस्त्यांवर सायकललाच बंदी केली. दूधवाला आणि पेपरवाला त्यानंतर कोणत्या रस्त्याने गेले असतील, याचा विचार कोणी केला होता की नाही कोण जाणे.

बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. महाराष्ट्रातही गरजू मुलींना सायकली मिळतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. सायकलसोबत ती रहदारीत कशी चालवावी याचे दोन तासही मिळाले, तर ती आणखी मोलाची होईल. सायकलला परवाना लागत नाही, म्हणून तिचे शिक्षण लागत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत काही हजार सायकलवर होती.

रविवारची रंगीत तालीम

मुलाला किंवा मुलीला नवी सायकल घेतली, की पहिल्या सोमवारी एकटे सोडू नये. आधीच्या रविवारी घरातल्या कोणीतरी तोच रस्ता त्यांच्याबरोबर पायी चालावा. कोणते थांबे लागतात, बस कुठे वळते, कुठल्या थांब्यासमोर नेहमी रिक्षा उभ्या असतात, ते दाखवावे. एखाद्या थांब्यावर दहा मिनिटे नुसते उभे राहून चार-पाच बस पाहाव्यात. मुलांनाच विचारावे, 'आता ही सुटणार की नाही? कशावरून?' दोन-तीन बसनंतर त्यांची उत्तरे बरोबर येऊ लागतात. मग दुसरी सायकल मिळवून आपण मागे आणि मूल पुढे, असे जावे. लहान मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही, म्हणून दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बसच्या रस्त्यावर एकटे पाठवूच नये. आतल्या गल्लीने पाच मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

या तालमीत एक प्रश्न हमखास येतो.

"बाबा, पण मागे थांबलो आणि बस सुटेचना, तर?"

"तर उतरायचं, सायकल फूटपाथवर घ्यायची आणि हातात धरून थांब्याच्या मागून पुढे जायचं."

"लोक हसतील."

"हसू देत. तू पुढच्या सिग्नलला त्याच बसला गाठशील."